पाण्यावरची शेती आणि चित्रांची चोपडी

आज आपण एका दूरच्या लोकांची हकिगत वाचणार आहोत. पण तिची सुरुवात आपल्या घरापासूनच करू.

घरात मिरची असेल. टोमॅटो असेल. शेतात किंवा शेजाऱ्याच्या बांधावर मका असेल. उपासाला राजगिऱ्याचा लाडू आपण खातो. दसऱ्याला दाराला झेंडूचे तोरण बांधतो. शेताच्या कडेला घायपात असते. तिच्या वाखाचा दोर वळतात. फड्या निवडुंगाचे कुंपणही आपण पाहिले आहे.

हे सगळे आपलेच, असे आपल्याला वाटते. पण पाचशे वर्षांपूर्वी यांतले काहीच आपल्या देशात नव्हते. मिरचीसुद्धा नव्हती! आपले पूर्वज तिखटासाठी मिरी वापरत. मिरची आली ती पोर्तुगीज लोकांच्या गलबतांतून, गोव्याच्या आणि पश्चिमेच्या किनाऱ्याला.

मग या वस्तू मूळच्या कुठल्या? त्या अमेरिका खंडातल्या. मेक्सिको देशात त्या फार जुन्या काळापासून होत्या. हा देश पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे. आपल्याकडे दिवस असतो तेव्हा तिकडे रात्र असते. तिथल्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे खपून रानटी गवतापासून मका तयार केला. त्याच देशात अ‍ॅझ्टेक नावाचे लोक होऊन गेले. त्यांची ही गोष्ट.

दलदलीत वसलेले गाव

हे लोक स्वतःला 'मेशिका' म्हणत. त्यावरूनच मेक्सिको हे नाव पडले. त्यांची भाषा 'नाहुआत्ल'. टोमॅटो हा शब्द त्याच भाषेतून आला. तिथे त्याला 'तोमात्ल' म्हणत. म्हणजे बघा, बाजारात आपण टोमॅटोचा भाव विचारतो, तेव्हा त्यांच्याच भाषेतला एक शब्द बोलतो.

मेशिका लोक उत्तरेकडून भटकत भटकत आले. ते आले तेव्हा चांगल्या जमिनी आधीच दुसऱ्यांनी घेतलेल्या होत्या. कोणी त्यांना थारा देईना. त्या ठिकाणी डोंगरांनी वेढलेली एक मोठी दरी आहे. दरी म्हटली तरी ती समुद्रसपाटीपासून सुमारे ७,३०० फूट उंच आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही ती उंच. त्या दरीत मोठाली सरोवरे होती. एका सरोवरात एक दलदलीचे बेट होते. वर लव्हाळी आणि खाली चिखल. ती जागा कोणालाच नको होती.

त्यांच्या जुन्या कथेत असे सांगितले आहे की, देवाने त्यांना एक खूण दिली होती. निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तिथे राहा. तो गरुड त्यांना त्या बेटावर दिसला. आज मेक्सिकोच्या झेंड्यावर निवडुंगावर बसलेला गरुड आहे, तो याच कथेतला.

तिथे त्यांनी गाव वसवले. साल धरतात १३२५. गावाचे नाव जरा अवघड आहे. तुकडे पाडून वाचा: ते-नोच्-तित्-लान. तेनोच्तित्लान. दोनशे वर्षांत या गावाचे मोठे शहर झाले. अभ्यासकांचे अंदाज वेगवेगळे आहेत. पण दीड ते दोन लाख वस्ती असावी, असे पुष्कळजण मानतात. त्या काळी युरोपातसुद्धा एवढी मोठी शहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

हे कशाच्या जोरावर झाले? त्यांच्याकडे लोखंड नव्हते. बैल नव्हता, घोडा नव्हता. गाडी नव्हती. पाळीव जनावरे म्हणजे कुत्रा आणि टर्की नावाचा कोंबडीसारखा मोठा पक्षी. नांगर कुठला! टोकदार लाकडी काठीने ते जमीन उकरत. तरी त्यांनी लाखो माणसे जगवली. ती कशी, ते आता पाहू.

पाण्यावरची शेती

जमीन नव्हती, म्हणून त्यांनी जमीन तयार केली.

उथळ पाण्यात ते लांबट चौकोन आखत. कडेने लाकडी खुंट ठोकत. खुंटांना लव्हाळ्याचे कूड विणत. मग आत पाणवनस्पतीचा थर घालत. त्यावर सरोवराच्या तळाचा काळा गाळ काढून टाकत. पुन्हा वनस्पती, पुन्हा गाळ. असे करता करता वाफा पाण्याच्या वर येई. कडा ढासळू नयेत म्हणून ते काठाने विलो नावाची झाडे लावत. झाडांची मुळे खाली जात आणि कडा घट्ट धरून ठेवत. दोन वाफ्यांच्या मध्ये पाण्याचा पाट राही. त्यातून होडी जाई. या वाफ्यांना 'चिनाम्पा' म्हणतात.

कोणी म्हणतात की ही शेते पाण्यावर तरंगत. ते खरे नाही. ती तळाशी पक्की बसलेली असत.

या शेतीत मोठे शहाणपण होते. पाणी कडेने झिरपून मुळांपाशी जाई, म्हणून पीक सुकत नसे. दरवर्षी पाटातला गाळ काढून वाफ्यावर टाकत. त्यामुळे खत मिळे आणि पाटही साफ राही. रोपे आधी गाळाच्या छोट्या चौकोनी वड्यांत वाढवत. एक पीक निघाले की वडीसकट रोप तिथे लावत. म्हणून वाफा रिकामा पडत नसे. वर्षात एकामागून एक पिके निघत. मका, घेवडा, भोपळा, मिरची, टोमॅटो, राजगिरा आणि फुले. फुलांवर त्यांचा फार जीव. झेंडू ते देवाला वाहत.

शहरातली माणसांची विष्ठासुद्धा वाया जात नसे. ती होड्यांतून गोळा करून शेताला घालत. त्यामुळे शहर स्वच्छ राही आणि शेताला सोनखत मिळे.

सरोवराचा एक भाग खारा होता आणि एक गोडा. खारे पाणी शेतात आले की पीक जळे. १४४९ साली मोठा पूर आला. शहर बुडाले. तेव्हा शेजारच्या तेश्कोको राज्याचा राजा नेसावालकोयोत्ल याच्या देखरेखीखाली सरोवरात दगड-मातीचा आणि लाकडांचा बांध घातला. तो सुमारे १६ किलोमीटर लांब होता. बांधामुळे पूर अडला आणि गोडे पाणी खाऱ्यापासून वेगळे राहिले.

पिण्याचे पाणी चापुलतेपेक नावाच्या टेकडीवरच्या झऱ्यांतून येई. त्यासाठी त्यांनी शेजारी शेजारी दोन पाट बांधले होते. एक साफ करायला घेतला की दुसऱ्यातून पाणी चालू ठेवत. साधीच युक्ती, पण शहराचे पाणी कधी बंद पडत नसे.

घर, चूल आणि भाकरी

आता त्यांच्या घरात डोकावू.

गरिबाचे घर कच्च्या विटांचे आणि गवताने शाकारलेले. मध्ये तीन दगडांची चूल. अंथरायला चटई. बाई पहाटे उठे आणि गुडघे टेकून मका वाटायला बसे. वाटायला दगडी पाटा आणि दगडी लाटणे. आपल्या पाटा-वरवंट्याचेच भावंड म्हणा ना! मग हाताने थापून मक्याच्या पातळ भाकऱ्या करी आणि मातीच्या तव्यावर भाजी. बरोबर घेवडा आणि मिरचीचे तोंडीलावणे. मांस क्वचित. सरोवरातले मासे, बदके, बेडूक आणि पाण्यावरचे शेवाळ वाळवून केलेल्या वड्यासुद्धा ते खात.

इथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या बाया मका नुसता वाटत नसत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवत. मग धुऊन, साल काढून वाटत. पुढे युरोपातल्या लोकांनी मका नेला, पण चुन्याची रीत नेली नाही. जिथे गरीब लोक नुसत्या मक्यावर राहू लागले, तिथे एक रोग पसरला. त्याचे नाव पेलाग्रा. अंगावर चट्टे येत, जुलाब होत, माणसाला भ्रम होई. हजारो माणसे त्याने मेली. पुढे विसाव्या शतकात शास्त्रज्ञांना कारण कळले. मक्यातले एक जीवनसत्त्व चुन्याच्या पाण्यात शिजवल्यावरच शरीराला मिळते. अ‍ॅझ्टेक बाईला जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता. पण आजी-पणजीकडून आलेली रीत तिने सोडली नाही. बी घेतले आणि बियाबरोबरचे ज्ञान टाकले, तर असे होते.

गरीब लोक घायपातीच्या जातीच्या वाखाचे कापड नेसत. सुती कापड मोठ्या घरच्यांसाठी होते. त्या झाडाचे काहीच वाया जात नसे. वाखाचा दोर, काट्याची सुई, पानांचे छप्पर आणि रसाची दारू. पण दारूबाबत कायदा कडक. तरुणाने दारू पिऊन गोंधळ घातला तर जबर शिक्षा होई, कधी देहान्तसुद्धा. म्हाताऱ्यांना मात्र मोकळीक होती.

मुले, शाळा, लग्न

त्यांच्या चित्रांच्या एका चोपडीत मुलांना वाढवण्याची रीत काढलेली आहे. ही चोपडी १५४० च्या सुमारास तिथल्याच चित्रकारांनी काढली. आता ती इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड येथे आहे. त्यात प्रत्येक मुलाच्या वयाइतके ठिपके काढले आहेत आणि त्याच्या वाट्याच्या भाकऱ्याही काढल्या आहेत. तीन वर्षांच्या मुलाला अर्धी भाकरी. चार-पाच वर्षांच्याला एक. सहा ते बारापर्यंत दीड. तेराव्या वर्षापासून दोन. कामही वयाप्रमाणे. लहानपणी पाणी, मोळी. चौदाव्या वर्षी मुलगा होडी घेऊन मासे धरतो आणि मुलगी मागावर कापड विणते. खोड्या करणाऱ्या मुलाला मिरचीच्या धुरावर धरल्याचेही चित्र आहे! ही शिक्षा वाईटच. मुलांना अशी शिक्षा कोणी करू नये.

मुले वयात येऊ लागली की त्यांना शाळेत घालत. साध्या घरच्या मुलांची शाळा वेगळी. तिचे नाव 'तरुणांचे घर'. तिथे कष्टाची कामे, गाणी, चांगली वागणूक आणि लढाई शिकवत. दुसरी शाळा देवळाजवळ. तिथे बहुतेक मोठ्या घरची मुले जात. चित्रलिपी, पंचांग आणि ताऱ्यांचे ज्ञान त्या शाळेत शिकवत. म्हणजे शाळा सगळ्यांना होती, पण वाचायला शिकवत ते थोड्यांनाच. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

लग्नाची त्यांची रीत ऐकून तुम्हांला मौज वाटेल. रात्री मशाली लावून वऱ्हाड निघे. नवरीला एक बाई पाठीवर घेऊन नवऱ्याच्या घरी नेई. तिथे चुलीपाशी चटईवर दोघांना बसवत. मग नवऱ्याच्या उपरण्याची आणि नवरीच्या झग्याची गाठ बांधत. गाठ बसली की लग्न लागले! आपल्याकडेही उपरण्याला शेल्याची गाठ बांधतात. त्यांचा आपला काही संबंध नव्हता. मध्ये दोन महासागर. तरी दोन माणसे जोडायची म्हणजे गाठ बांधावी, हे दोन्हीकडे सुचले.

बाळंतपणात मेलेल्या बाईला ते लढाईत पडलेल्या वीराचा मान देत. बाळंतपण ही बाईची लढाईच, असे ते मानत.

बाजार

तेनोच्तित्लानला लागूनच त्लातेलोल्को येथे रोज मोठा बाजार भरे. स्पॅनिश लोकांचा सरदार कोर्तेस याने लिहून ठेवले आहे की, तिथे रोज ६०,००० माणसे येत. आकडा जास्त वाटतो. पण बाजार अफाट होता, हे सगळ्यांनीच लिहिले आहे. प्रत्येक मालाची वेगळी ओळ. तराजू नव्हता. माल मोजून किंवा मापाने विकत. बाजारातच न्यायाधीश बसत. खोटे माप सापडले की ते मोडून टाकत.

सुट्टे पैसे म्हणजे कोकोच्या बिया. त्याच बियांपासून आज चॉकलेट करतात. १५४५ सालची भावाची एक यादी सापडली आहे. टर्कीच्या एका चांगल्या मादीला १०० बिया. टर्कीच्या एका अंड्याला ३ बिया. एका मोठ्या टोमॅटोला १ बी. आणि लबाडी कुठे नसते? काही लोक बियांच्या टरफलात मेण किंवा राजगिऱ्याचे पीठ भरून खोट्या बिया खपवत!

सगळा माल होडीने किंवा माणसाच्या पाठीवरून येई. हमाल पाठीवर ओझे घेत आणि त्याचा पट्टा कपाळाला लावत. असे सुमारे २३ किलो ओझे घेऊन ते डोंगर चढत. शहराची श्रीमंती या माणसांच्या मानेवर उभी होती.

झाकून न ठेवण्याची बाजू

आतापर्यंत आम्ही चांगले सांगितले. आता वाईटही सांगतो. इतिहास वाचायचा तर दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचावा.

अ‍ॅझ्टेक लोक नरबळी देत. देवांनी स्वतःचे रक्त देऊन सूर्य चालू केला, ते ऋण माणसाने रक्तानेच फेडले पाहिजे, नाहीतर सूर्य थांबेल, अशी त्यांची समजूत होती. लढाईत धरलेल्या माणसांना ते देवळावर नेऊन मारत. स्पॅनिश लोकांनी लिहिलेले काही आकडे फुगवलेले असतील. पण ही गोष्ट खोटी नाही. २०१५ साली मेक्सिको शहरात खोदकामात कवट्यांचा रचलेला ढीग सापडला. त्यात बायकांच्या आणि मुलांच्याही कवट्या आहेत.

दुसरी गोष्ट खंडणीची. १४२८ साली तेनोच्तित्लान, तेश्कोको आणि त्लाकोपान या तीन राज्यांनी युती केली आणि भोवतालचे मुलूख जिंकले. जिंकलेल्या गावांवर खंडणी बसवली. इतके मका, इतकी सुती वस्त्रे, इतकी पिसे. सुती वस्त्रे कोण विणी? गावोगावच्या बाया. शहरात थाट आणि खेड्यात खंडणी, असा हा कारभार. तो लोकांना जाचक वाटे. हा राग मनात साठत गेला आणि पुढे तोच घात करून गेला.

चित्रांची चोपडी

आता मुख्य गोष्टीकडे येऊ.

आपण अक्षरांनी लिहितो. अ‍ॅझ्टेक लोक मुख्यतः चित्रांनी लिहीत. वड-उंबराच्या कुळातल्या एका झाडाची साल कुटून ते कागद करीत. कागदाची लांब पट्टी करून तिची घडी घालत. ती झाली चोपडी.

माणसाच्या तोंडापुढे छोटी वळकटी काढली, म्हणजे तो बोलतो आहे. पावलांचे ठसे काढले, म्हणजे वाट किंवा प्रवास. जळते देऊळ काढले, म्हणजे ते गाव जिंकले.

आकडेही ते लिहीत. आपल्याकडे म्हातारी माणसे विसांनी मोजतात. दोन विसा, तीन विसा. तसेच ते मोजत. एकासाठी ठिपका. विसासाठी झेंडा. वीस विसांसाठी, म्हणजे ४०० साठी, पिसासारखी खूण. आणि ८,००० साठी थैली. दोन झेंडे आणि तीन ठिपके म्हणजे किती? बरोबर, ४३.

या चोपड्यांत काय लिहीत? राजांची हकिगत, पंचांग, दुष्काळ, खंडणीच्या याद्या. १४५० ते १४५४ या काळात मोठा दुष्काळ पडला होता. माणसांनी मक्यासाठी स्वतःला गुलाम म्हणून विकले. तीही नोंद चोपड्यांत आहे. तेश्कोकोजवळच्या काही गावांच्या जमिनीच्या चोपड्या १५४० च्या सुमाराच्या आहेत. त्यांत प्रत्येक घरातली माणसे, प्रत्येक शेताची लांबी-रुंदी आणि मातीची जात काढलेली आहे. त्यांचा सातबाराच म्हणा!

शहर पडले

१५१९ साली स्पेन देशाचा सरदार कोर्तेस काही शे शिपाई घेऊन आला. एवढ्याशा शिपायांनी एवढे राज्य कसे घेतले? एकट्यांनी घेतले नाही. त्लाश्काला नावाचे एक राज्य अ‍ॅझ्टेकांचे जुने वैरी होते. ते कोर्तेसला मिळाले. खंडणीला कंटाळलेले दुसरे लोकही मिळाले. कोर्तेसच्या बाजूने लढलेले बहुतेक सैनिक तिथलेच होते.

१५२० साली आणखी एक शत्रू आला. तो डोळ्यांना दिसत नव्हता. तो देवीचा रोग. परक्या जहाजांतून तो आला. त्या देशात तो पूर्वी कधीच नव्हता, म्हणून कोणाच्या अंगात त्याला तोंड द्यायची ताकद नव्हती. घरेच्या घरे आजारी पडली. पाणी द्यायला, मका वाटायला माणूस उरेना. नवा राजाही देवीनेच मेला. हा रोग आपल्याकडेही होता. त्याचे वण असलेले चेहरे आपल्या जुन्या माणसांनी पाहिले आहेत. लस टोचून टोचून तो घालवला. १९७५ साली भारतातला शेवटचा रोगी सापडला आणि १९८० साली सगळे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. अ‍ॅझ्टेकांकडे लस नव्हती.

१५२१ साली कोर्तेसने शहराला वेढा घातला. टेकडीवरून येणारे पाणी तोडले. अडीच महिने लोक लढले. शेवटी खारे पाणी प्याले, पाली आणि गवत खाल्ले. १३ ऑगस्ट १५२१ रोजी शहर पडले. त्याच्याच दगडांवर आजचे मेक्सिको शहर उभे राहिले. पुढच्या शंभर वर्षांत रोगांनी आणि हालांनी त्या देशातले बहुसंख्य मूळ लोक मेले.

जळले काय, उरले काय

विजेत्यांनी देवळे पाडली. चोपड्या जाळल्या. या चोपड्या सैतानाच्या आहेत, असे पुष्कळ पाद्र्यांना वाटे. खरे सांगायचे तर चोपड्या जाळणारे ते पहिले नव्हते. त्याआधी शंभर वर्षे इत्स्कोआत्ल नावाच्या अ‍ॅझ्टेक राजानेही जुन्या इतिहासाच्या चोपड्या जाळायला लावल्या होत्या, असे तिथल्याच वृद्धांनी सांगून ठेवले आहे. सत्तेला नको असलेली आठवण सत्ता जाळते. मग ती सत्ता परकी असो की आपली.

चोपड्या जळल्या. आणि त्या वाचणारे मुळातच थोडे होते, हे आम्ही वर सांगितले आहे. ते थोडे लोक लढाईत आणि देवीत मेले. त्यांच्याबरोबर वाचनही मेले. ज्ञान मूठभर माणसांकडे ठेवले, तर ती मूठ उघडली की सगळे सांडते.

पण सगळेच सांडले नाही. दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट एका दाव्याची. वेशोत्सिंको नावाचे एक गाव होते. तिथले लोक तीच नाहुआत्ल भाषा बोलत आणि तशीच चित्रे लिहीत. स्पॅनिश कारभाऱ्यांनी त्यांच्याकडून भरमसाट वसुली केली. १५३१ साली हे प्रकरण कचेरीत गेले. गावकऱ्यांना स्पॅनिश लिहिता येत नव्हते. पण त्यांच्याकडे चित्रांचा हिशेब होता. किती मका दिला, किती टर्की दिले, किती कापड दिले, किती माणसे दिली, सारे आठ कागदांवर मांडलेले. ते कागद पुरावा म्हणून घेतले. निकाल कारभाऱ्यांच्या विरुद्ध गेला. १५३८ साली स्पेनच्या राजाने हुकूम दिला की, घेतलेल्या वसुलीचा दोन-तृतीयांश भाग लोकांना परत करावा. ते आठ कागद आजही अमेरिकेत वॉशिंग्टनच्या मोठ्या ग्रंथालयात जपून ठेवले आहेत. तोंडी सांगितले असते तर कोणी ऐकले असते का? कोण जाणे. पण कागदाला उत्तर द्यावे लागले.

दुसरी गोष्ट एका पुस्तकाची. साहागून नावाचा एक पाद्री १५२९ साली तिथे आला. तो तिथली भाषा शिकला. त्याने गावोगावच्या म्हाताऱ्यांना बसवून विचारले. तुमचे सण काय, औषधे काय, लग्ने कशी, शेती कशी? म्हाताऱ्यांनी सांगितले. लिहून कोणी घेतले? तिथल्याच तरुण मुलांनी. ती नव्या शाळेत परकी अक्षरे शिकली होती. आन्तोनिओ वालेरियानो हा त्यांतला एक. त्या अक्षरांत त्यांनी आपली भाषा लिहिली. चित्रकारांनी सुमारे २,५०० चित्रे काढली. १५७६ साली पुन्हा साथ आली. माणसे मरत होती, तरी काम थांबले नाही. बारा भागांचे पुस्तक तयार झाले. आज ते इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात आहे. आपण वर वाचले त्यातले पुष्कळसे त्या पुस्तकामुळेच जगाला कळले.

पुढे तर खेड्याखेड्यांतल्या लोकांनी ही अक्षरे उचलली. गावचा लेखनिक नाहुआत्ल भाषेत लोकांची मृत्युपत्रे आणि जमिनीचे खरेदीखत लिहू लागला. 'हे शेत माझ्या मुलीला, हा पाटा माझ्या सुनेला', अशा थाटाचे कागद आज मोठ्या संख्येने सापडतात. राजे गेले, पण साध्या माणसांचा शब्द कागदावर राहिला.

आज

अ‍ॅझ्टेक लोक संपले, असे पुष्कळांना वाटते. राज्य संपले, लोक संपले नाहीत. २०२० सालच्या मेक्सिकोच्या शिरगणतीत सुमारे १६ लाख लोकांनी नाहुआत्ल बोलतो असे सांगितले. मेक्सिको शहराच्या दक्षिणेला सोचिमिल्को येथे चिनाम्पाची शेती आजही होते. १९८७ साली तिला जागतिक वारसा मानले गेले. सरोवरे मात्र बहुतेक आटवून टाकली आहेत. १९७८ साली विजेच्या कामगारांना रस्ता खणताना देवीची एक प्रचंड कोरीव शिळा लागली. मग खोदकाम झाले आणि जुने मोठे देऊळ जगापुढे आले.

आपले काय? मंडळी, तुम्ही नुकती अक्षरे शिकला आहात. कोणी म्हणेल, आता या वयात वाचून काय करायचे? त्याला वेशोत्सिंकोच्या गावकऱ्यांची गोष्ट सांगा. आपला हिशेब आपल्या हाताने लिहिला, तर तो कोणाला बुडवता येत नाही. आपल्या घरातली औषधे, बियाणांच्या रीती, आजीची गाणी लिहून ठेवली, तर ती आजीबरोबर जात नाहीत. आणि वाचायला चार जणांनाच नव्हे, सगळ्यांना आले, तर कोणाच्या जाळण्याने ते जळत नाही.

उद्या कालवणात मिरची टाकाल, तेव्हा त्या पाण्यावरच्या शेतकऱ्यांची आठवण करा.

उत्तरे सांगा

१. चिनाम्पाची शेती कशी तयार करत? तिला पाणी आणि खत कसे मिळे?
२. मका चुन्याच्या पाण्यात शिजवण्याचा काय फायदा?
३. तीन झेंडे आणि सात ठिपके म्हणजे किती?
४. कोर्तेसला तिथलेच लोक का मिळाले?
५. वेशोत्सिंकोच्या लोकांना कशाचा आधार मिळाला?

करून पाहा

घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एक जुनी रीत विचारा. बियाणे टिकवण्याची, औषधाची किंवा सणाची. ती आपल्या वहीत पाच ओळींत लिहा. खाली सांगणाऱ्याचे नाव आणि आजची तारीख लिहायला विसरू नका.